हलेल तेवढंच दिसेल

माझा दादा मोखाडा ते पोशेरा जीप चालवायचा. कशी चालवायचा हे मी सांगायला लागलो की ऐकणारे हळूच चपला शोधायला लागतात, कारण मी एकदा सुरू झालो की जेवणवेळेपर्यंत थांबत नाही असा माझा लौकिक आहे. तरी एवढं सांगतोच. उतारावरच्या वळणाला तो जीप अशी घ्यायचा की मागच्या बाकावर झोपलेल्या म्हातारीच्या तोंडातली मिसरी या गालातून त्या गालात जायची, पण म्हातारी काही जागी व्हायची नाही. जीप कागदावर नऊ माणसांची. बाजाराच्या दिवशी तिच्यात किती माणसं असत हे आजवर कुणी मोजलेलं नाही, कारण मोजायला बसावं तर मोजणाऱ्याला जागा नसायची.

मी त्याचा धाकटा भाऊ. माझं काम स्टँडवर हाका मारून माणसं गोळा करणं आणि मग मागच्या शिडीवर लटकणं. माझा आवाज असा आहे की मी मोखाड्यात "पोशेरा, पोशेरा" ओरडलो की पोशेऱ्यातली माणसं तिकडून "ओ" देतात. लायसन माझ्याकडंही होतं. पण दादा मला चावीला हात लावू देत नसे. "तू तोंड चालव, गाडी मी चालवतो," म्हणायचा.

तर या दादाच्या नजरेत एका पावसाळ्यात कडेकडेनं अंधार शिरायला लागला.

त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला वहिनीला, तोही जेवणाच्या ताटावर. ती ताटाच्या डाव्या कडेला चटणी वाढायची आणि हा विचारायचा, "चटणी नाही केली?" पहिल्यांदा ती म्हणाली, "डोळे उघड." दुसऱ्यांदा म्हणाली, "समोर आहे की." तिसऱ्यांदा तिनं चटणीची वाटी बोटानं सरकवत सरकवत भाकरीपाशी आणली, आणि वाटी कुठं आल्यावर दादाचा हात पुढं होतो ते बघत राहिली.

जव्हारला डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा तिनं त्याला ओढतच नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं दिसतंय, पण कडेचं जे गेलं ते आता येणार नाही. थेंब टाका, उरलंय तेवढं राखा. आणि गाडी चालवणं बंद करा. दादानं सगळं नीट ऐकून घेतलं, औषधाची बाटली शर्टाच्या खिशात ठेवली, आणि ते शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या टेबलावरच सोडून आला.

घरी आल्यावर वहिनीनं हात पुढं केला. "चावी."

"कशाला?"

"डॉक्टर काय बोलले ते मीपण ऐकलंय."

"डॉक्टरला हा रस्ता माहीत आहे का? मला हा रस्ता डोळे मिटून येतो."

"आता मिटूनच चालवणार तू."

दादा लहानपणापासून हट्टी. त्याच्या हट्टाचं काय सांगावं! एकदा बैल त्याच्याशी हट्टाला पेटला आणि शेवटी बैलच दमून घरी निघून गेला. तो म्हणाला, "ऐक. ज्या दिवशी रस्त्यावरचं माणूस मला दिसलं नाही, त्या दिवशी मी आपण होऊन चावी तुझ्या हातात देईन. शपथ."

वहिनी म्हणाली, "आणि त्या दिवशी ते माणूस कुठं असेल?"

दादा थेंबांची बाटली उलटसुलट करून बघत बसला. माझ्याकडं तर जगातल्या कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं असतात, पण मीसुद्धा चुलीत लाकूड सारत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीप काढली तर पुढच्या सीटवर, डाव्या दाराला लागून, वहिनी बसलेली. मांडीवर भाकरीचं फडकं. खाली उतरायचं नाव नाही. त्या दिवसापासून ती रोज तिथंच बसायला लागली आणि रस्ता वाचून दाखवायला लागली. "डाव्या अंगाला शेळी. शेळीमागं पोरगी. उजवीकडून सायकल येतेय, म्हातारा आहे, डुलतोय. पुढं बाई आहे, डोक्यावर हंडा. ही माझ्या ओळखीची, जरा थांबव, माझी सुपं तिच्याकडं राहिलीत." अशानं मोखाड्याहून निघालेली जीप पोशेऱ्याला पोचेपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या बायकांची ख्यालीखुशाली विचारून व्हायची. प्रवासी म्हणायचे, "आता या जीपला दोन ड्रायवर. एक गाडीचा, एक ड्रायवरचा." सगळ्यांना दादाच्या डोळ्यांचं ठाऊक होतं. कुणी जीप बदलली मात्र नाही. ज्यानं यांना बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, नवरीला सासरी सोडलं, आजाऱ्याला भर पावसात पाण्यातून काढलं, त्याची जीप कशी सोडायची, असा त्यांचा हिशेब असावा. शहाणपणाचा नव्हे तो. पण होता खरा.

आणि मग मॅडम आली.

लांबच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरगी. अंगानं अशी की आमच्या शिडीवर दोन मॅडम बांधल्या तरी शिडीला कळलं नसतं. तिच्या हातात एक पेटी, डब्यापेक्षा थोडी मोठी, आणि एक कॅमेरा. जीपच्या पुढच्या काचेला तो लावायचा. रस्त्यावर काही हलत असेल, माणूस, जनावर, सायकल, तर पेटीनं ते ओळखायचं आणि "टुंग" करायचं. डावीकडचं असेल तर डाव्या बाजूच्या स्पीकरमधून टुंग, उजवीकडचं असेल तर उजव्या. शहरातल्या रस्त्यांचं चित्रीकरण तिच्याकडं ढीगभर होतं, तिला डोंगरातला रस्ता हवा होता. ती म्हणाली, "काका, तुमची जीप दिवसभर फिरते. काही महिने लावू का? ही नुसती परीक्षा आहे हं. पेटीवर विसंबून चालवू नका."

"छे छे," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात एवढा गोडवा मी त्याच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

वहिनीनं पेटीकडं बघितलं, मग दादाकडं. तिच्या शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं, नागली कापायला आली होती, आणि ती दिवसभर इथं जीपमध्ये शेळ्या मोजत बसली होती.

सुरुवातीला त्या पेटीनं आमची जी करमणूक केली ती सांगायला मला दोन जन्म लागतील. ती कशालाही टुंग करायची. धबधब्याला टुंग. वाऱ्यानं हलणाऱ्या केळीच्या पानाला टुंग. उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीला तर इतक्या वेळा टुंग की दादानं ब्रेक मारून पिशवीला रस्ता दिला. एक माणूस डोक्यावर खाट घेऊन चालला होता, तर खाट बघून पेटी अशी गोंधळली की तिनं दोन्ही बाजूंनी टुंग केलं आणि गप्प झाली. धुक्याच्या दिवशी तर ती एकसारखी वाजत राहिली, आख्खा डोंगरच चालून येतोय असं तिला वाटलं असणार.

मॅडम दर आठवड्याला येऊन लॅपटॉप जोडायची आणि पेटीची शिकवणी घ्यायची. मी शेजारी बसून सगळं विचारायचो. ती म्हणायची, गाडी पळते तेव्हा कॅमेऱ्याला सगळंच पळताना दिसतं. झाडं, खांब, डोंगर, घरं. मग खरं कोण पळतंय आणि कोण नुसतं पळाल्यासारखं दिसतंय, हे ओळखायचं कसं? तर आधी आपली गाडी किती हलली ते काढायचं आणि ते सगळ्यातून वजा करायचं. वजा करून जे उरतं, ते खरं हलणारं.

मला हे चटकन कळलं. आमच्या पाड्यावर एकजण आहे, त्याला रोज संध्याकाळी घरं फिरताना दिसतात. त्यानं आपली बाटली वजा करायला शिकायला हवं, एवढंच. मी मॅडमला तसं सांगितलं. ती इतकी हसली की तिनं ते वहीत लिहून घेतलं. आता तिच्या कॉलेजात कुठल्यातरी फळ्यावर आमचा तो दारुडा असेल, अशी माझी खात्री आहे.

हळूहळू पेटी सुधारली. इतकी सुधारली की वळणावर झाडाआडून शेळीचं नुसतं शिंग हललं तरी डावीकडून टुंग यायचं आणि दादाचा पाय ब्रेकवर जायचा. वहिनी काही दिवस तशीच पुढच्या सीटवर बसून राहिली. ओठ मिटून रस्ता बघायची, तिला शेळी दिसली की मनात म्हणायची आणि पेटी आधी म्हणते की ती स्वतः, ते ताडायची. शेवटी एका संध्याकाळी मला म्हणाली, "भावजी, बोलतं बरोबर ते. माझ्याआधी बोलतं." आणि वर म्हणाली, "सुपांचं विचारत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून ती कापणीला गेली. दादा पुन्हा गाणी म्हणायला लागला. त्याचा गळा म्हणजे काय विचारता, घाटात तो सूर लावायचा तेव्हा समोरून येणारी एसटी हॉर्न समजून बाजूला व्हायची.

आता मुख्य गोष्ट. ती घडली एका आजीमुळं. ही आजी पोशेऱ्याची, दर बाजाराला टोपलीत कोंबडी घेऊन यायची आणि कोंबडी न विकताच परत न्यायची. कोंबडीला बाजार दाखवायलाच ती येते असं आम्ही म्हणायचो. तिनं त्या दिवशी मॅडमला गाठलं.

"बाय, ह्याला काय काय दिसतं गं?"

"आजी, जे हलतं ते दिसतं."

"आन् नाय हललं तं?"

"नाही हललं तर ते याच्या दृष्टीनं झाड, नाहीतर दगड. मागचा देखावा. ते सोडून देतं."

"म्हंजे दिसत नाय."

"नाही दिसत."

आजीनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पाड्यांवर पोचली होती. बातमीला आमच्याकडं मोबाईलची रेंज लागत नाही, ती पायी जाते आणि वाटेत जाड होते. कॅमेऱ्यात दिसलं की फोटो मुंबईला जातो. तिथं एक मोठा साहेब बसलाय. तो जीपमधली माणसं मोजतो आणि जास्त असली की जीप बंद करतो. कामावर हजेरी लावून बाजारात फिरणारे त्याला सापडतात. दारू सोडली म्हणून बायकोला सांगितलेले सापडतात. पण हलला नाहीस तर साहेबाला तू दगड! मुंबईच्या साहेबाला मी मिशा तेवढ्या दिल्या. बाकीचा साहेब लोकांनीच केला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आमची जीप मोखाड्यात शिरली आणि मी शिडीवर लटकलेला, हाक मारायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. अख्खा बाजार थांबलेला! न्हाव्याचा वस्तरा हवेत, खाली गिऱ्हाईक अर्ध्या फेसात. मिरच्या तोलणारीचा तराजू वर धरलेला, ती श्वाससुद्धा घेत नव्हती. भजीवाल्याचा हात कढईवर, बिचारी भजी मात्र तेलात उड्या मारत होती, त्यांना कोण सांगणार? शाळेच्या वेळेला बाजारात आलेले एक गुरुजी चहाच्या टपरीच्या खांबाला असे चिकटले होते की मला टपरीला दोन खांब दिसले. एका शेतकऱ्याचा बैल तेवढा ऐकेना. तो मान हलवायचा, शेपटी मारायचा, आणि मालक ओठ न हलवता दातांतून त्याला आईवरून शिव्या द्यायचा. एक कोंबडा मी स्वतः पाहिला, एक पाय वर धरून उभा. आजीच्या कोंबडीनं त्याला शिकवलं असणार.

जीप निघून गेली की मागं बाजार धडधडत पुन्हा सुरू व्हायचा. मला शिडीवरून तेवढं दिसायचं.

जीपच्या आतही तेच. कॅमेरा बाहेर बघतो हे मी शंभरदा सांगितलं, पण कोण ऐकतो! टपावरचे, बाकावरचे, मधल्या फळीवरचे, सगळे मूर्ती. एका पाहुण्याला घाटाच्या पायथ्याशी शिंक आली, ती त्यानं पोशेऱ्यापर्यंत धरून ठेवली आणि उतरल्यावर अशी काढली की समोरच्या घराची कौलं खाली आली.

मॅडमनं त्या आठवड्याचं चित्रीकरण लावून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "काका, गेल्या आठवड्यापर्यंत पेटी छान चालत होती. आता बाजारात एका बैलाखेरीज एकही टुंग नाही. माणसं तर दिसतायत एवढी! असं का होतंय?"

"आमच्याकडची माणसं शांत आहेत," मी म्हणालो.

तिनं रात्रंदिवस बसून पेटीत चूक शोधली. चूक पेटीत नव्हतीच. पुढं आम्ही तिला सगळं खरं सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग लॅपटॉप उघडून बसली. आता ती उभ्या माणसांनाही ओळखणारं काहीतरी करते आहे म्हणे. चांगलं आहे. पण हे नंतरचं.

हसता हसता आम्हा कुणाच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. तुमच्या आली असेल. दादाच्या दोन्ही कडांना आता ती पेटीच बघत होती, आणि पेटीसमोर सगळा मुलूख दगड होऊन उभा राहायला लागला होता.

तो दिवस बाजाराचाच. दुपारी आम्ही भरलेली जीप घेऊन परत चाललो होतो. आमच्या शेताजवळ रस्ता उजवीकडं वळतो आणि डाव्या कडेची माती पावसानं खाली गेलेली आहे, त्यामुळं तिथं पायी चालणाऱ्याला डांबरावरच यावं लागतं. कापलेलं भात खळ्यावर न्यायला बायका भारे घेऊन तिथूनच जातात. त्या दिवशी चौघी होत्या. डोक्यावर एवढाले भारे की खाली नुसते पाय दिसतात. आमच्या इंजिनाचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला. मागची म्हणाली, "आली गं पेटी! हलू नका." आणि चौघी, खुदुखुदु हसत, रस्त्याच्या कडेला जागच्या जागी उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढची होती वहिनी. तिच्या वाट्याला नेमकी ती खचलेली जागा आली. म्हणजे ती डांबरावर उभी होती.

ती हसण्यात का सामील झाली, असं मला पुष्कळांनी विचारलं. सगळ्या उभ्या राहिल्या, ती उभी राहिली. डोक्यावर भारा असताना माणूस फार विचार करत नाही, मान सांभाळतं.

मी शिडीवरून डावीकडं झुकलेला होतो, मला चार भारे दिसले. मी टुंगची वाट बघितली. टुंग आलं नाही. दादाचं गाणं चालू होतं. पहिला भारा गेला, दुसरा गेला, आणि जीप वळणाबरोबर डाव्या कडेला सरकत चालली. आत एवढी माणसं, पुढच्या सीटवर तिघं, त्यांच्या नाकासमोर सगळं दिसत होतं. आणि सगळे मूर्ती! कुणी बोट हलवलं नाही. मी जन्मभर ज्या आवाजाच्या बढाया मारल्या तो आवाज नेमका तेव्हा घशातून निघेना. मी पत्र्यावर मूठ आपटली.

दादाला वाटलं, कुणाला उतरायचंय. त्यानं ब्रेक मारला. जीप थांबता थांबता डाव्या आरशात भाऱ्याची एक बाजू अडकली, भारा गरकन फिरला, त्याच्याबरोबर वहिनी फिरली, आणि भारा रस्त्यावर पडून फुटला. वहिनी त्याच्याशेजारी खाली बसली.

इंजिन बंद झालं. मग जीपमधून आजीचा आवाज आला, ओठ न हलवता काढलेला: "आता हलू कं?"

मी उडी मारून धावलो. वहिनीची टाच सोलवटली होती, कोपराला खरचटलं होतं, बाकी धड होती. "काही नाही, काही नाही," म्हणत होती आणि पदर सारखा करत होती. तोवर दादा उतरून पुढून वळसा घालून आला. तो मान इकडं तिकडं फिरवत येत होता, टॉर्च फिरवावा तशी. आधी त्याला भात दिसलं. मग एक पाय. मग तो आणखी जवळ आला आणि ती त्याच्या नजरेच्या मधोमध आली.

"तू?"

"मीच."

"लागलं?"

"नाही."

दादाचा आवाज चढला. घाबरला की त्याचा आवाज चढतो, आमच्या घराण्याचाच तो रोग आहे. "हलली का नाही गं तू? जरा हात हलवला असता तर पेटीनं सांगितलं असतं ना!"

"पेटीला दिसले नाही, कळलं," वहिनी म्हणाली. "तुला?"

बाकीच्या तिघी मधे पडल्या. एक म्हणाली, "आमीच बोललो हलू नका. आमचीच मस्ती." दुसरी म्हणाली, "सूर्य डोळ्यांवर होता भाऊंच्या." सूर्य पाठीमागं होता. दादानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो खाली बसला आणि सांडलेलं भात गोळा करायला लागला.

डांबरावर लोंब्या पसरल्या होत्या. काही दाणे झडून चहूकडं गेले होते. दादा दोन्ही हातांनी समोरचं ओढून घेत होता, मूठ मूठ उचलून पेंढीवर ठेवत होता. समोरचं संपलं की तो थांबायचा, झालं असं समजून उठायला बघायचा. पण त्याच्या डाव्या गुडघ्याजवळ आणखी लोंब्या असायच्या, उजव्या हाताशी असायच्या. वहिनी त्याच्यासमोर बसली होती. ती कडेच्या लोंब्या हाताच्या पाठीनं सारत सारत मधे आणत होती. त्या मधे आल्या की दादाला दिसायच्या आणि तो उचलायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. तो हात कुठून येतो ते बघायला त्यानं मान वळवली, तेव्हा त्याला दिसलं की त्याच्या बाजूला केवढं भात पडलं होतं.

मी जीपच्या टायरकडं बघत उभा राहिलो.

दादानं खिशातून चावी काढली. वहिनीनं ती घेतली नाही, तिचे दोन्ही हात लोंब्यांनी भरलेले होते. मग तिनं लोंब्या पेंढीवर ठेवल्या, हात पदराला पुसले आणि चावी घेतली. मग तिनं ती माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "भावजी, धरा. माणसं घरी पोचवा."

चौघींनी मिळून भारा पुन्हा बांधला. वहिनी वाकली तसा दादा म्हणाला, "सोड," आणि त्यानंच भारा डोक्यावर घेतला. जन्मभर स्टेअरिंग धरलेला माणूस, मान अशी डगमगत होती की भारा निम्मा पूर्वेला, निम्मा पश्चिमेला. वहिनी म्हणाली, "सरळ धर." तो म्हणाला, "सरळच आहे." आणि दोघं चालायला लागली. ती त्याच्या डाव्या अंगानं चालत होती, लंगडत, आणि एका हातानं त्याच्या शर्टाची बाही धरून होती.

मी ड्रायवरच्या सीटवर बसलो. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं तशी आजी कोंबडीची टोपली घेऊन खाली उतरली.

"काय झालं, आजी?"

"ह्याच्या हाताखाली मी बसत नाय. मला नातू बघायचेत अजून."

तिच्यामागं तो शिंकवाला पाहुणा उतरला. त्याला म्हणे चालायचा कंटाळा नव्हता. एकाला गाडीत कोंदट झालं. एकाला जवळच काम निघालं, त्या माळावर जिथं टिटवीचंसुद्धा काम नसतं. टपावरचे उतरले, मधल्या फळीवरचे उतरले. प्रत्येकानं जाता जाता माझ्या गाडी चालवण्याबद्दल काहीतरी घाण बोलून घेतलं, आणि प्रत्येकजण पुढं जाऊन दादाच्या आसपास चालायला लागला. कुणी पुढून, कुणी उजवीकडून, पोरं भाऱ्यामागून. कुणी त्याच्याशी डोळ्यांचं बोललं नाही. भाताला यंदा काय उतारा पडला ते बोलत होते.

मी रिकामी जीप घेऊन त्या सगळ्यांच्या मागं निघालो. पेटी वेड्यासारखी वाजत होती, डावीकडून, उजवीकडून, सगळीकडून टुंग टुंग टुंग. माझ्या आयुष्यात मी एवढा आवाज कधी केला नाही, म्हणजे बघा. शेवटी मी वायर उपसून काढली. मग नुसतं इंजिन राहिलं. मी दुसऱ्या गिअरमध्ये रेटत होतो आणि जीप आचके देत होती, थरथरत होती, बंद पडते की काय असं वाटत होतं.

पुढं भाऱ्याखालून, मान न वळवता, दादा ओरडला, "पहिल्यात घाल रे. रडतेय ती."